मोटरसायकलचा स्टँड

माझ्याकडे शिकवणीला एक मुलगी येत असे. तेव्हा ती तिसरीत होती. नाशिकच्या सिडकोत आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर तिचे कुटुंब राहत होते आणि संध्याकाळी साडेपाच ते सात ती माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून गणिते सोडवीत असे. सातच्या सुमारास खाली एखादी मोटरसायकल थांबली की तिची पेन्सिल थांबे. ती मान वर करी, पण माझ्याकडे पाहत नसे. समोरच्या भिंतीकडे पाहत ती कान देऊन ऐकत असे. स्टँड लावल्याचा आवाज आला की कधी ती हळूच "आज नाही" म्हणे आणि पुन्हा गणिताकडे वळे. कधी काहीच न बोलता वही मिटून दप्तर भरी आणि वडिलांची पावले जिन्यापर्यंत पोहोचण्याच्या आत धावत वर निघून जाई.

"आज नाही" म्हणजे काय, हे मी तिला पुष्कळ दिवसांनी विचारले. तिने ते पाढा म्हणावा तसे सांगितले. "स्टँड जोरात आपटला की पप्पांचा मूड खराब असतो, बाई. मग मी आधी जाऊन टीव्ही बंद करते, दादाचे बूट सरळ ठेवते आणि स्टीलचे ग्लास आत ठेवते. ते फेकले की खूप आवाज येतो."

आठ वर्षांच्या मुलीला घरातल्या कोणत्या वस्तूचा किती आवाज होतो याचा हिशेब पाठ होता. मी प्राथमिक शाळेत आयुष्यभर शिकवले. मुलांचे चेहरे मला वाचता येतात असा माझा समज होता. सिडकोतल्या घरांच्या भिंती कशा आहेत, हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. वरच्या घरातून येणारे आवाज मी त्याआधी चार वर्षे ऐकत होते आणि त्या आवाजांना मी, इमारतीतल्या इतर सर्वांप्रमाणेच, "भांडण" म्हणत होते. या कुटुंबाच्या ओळखीच्या खुणा मी येथे बदलल्या आहेत आणि त्या मुलीच्या आईला विचारूनच हे लिहीत आहे.

"भांडण" या शब्दाने आपली फार मोठी दिशाभूल केली आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. भांडण दोघांचे असते. त्यात दोघेही आवाज चढवतात, दोघेही रुसतात, आणि दुसऱ्या दिवशी दोघांपैकी कोणीही आधी बोलू शकते. आमच्या वरच्या घरात आवाज एकाचाच चढत असे. उत्तर काय द्यायचे, किती द्यायचे, द्यायचे की नाही, हे दुसऱ्या व्यक्तीने भीतीने मोजून ठरवलेले असे. ज्या घरात एका माणसाच्या पावलांवरून बाकीच्या सर्वांची संध्याकाळ ठरते, तिथे चालते ती हुकमत असते, आणि मारहाण हे त्या हुकमतीचे एक साधन असते. ते रोज वापरावेही लागत नाही. महिन्यातून एकदा हात उचलला तरी उरलेले एकोणतीस दिवस त्या हाताच्या आठवणीवर घर चालते.

त्या मुलीची आई अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जात असे. तिचा पगार बँकेत जमा होई आणि एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असे. रिक्षाभाड्याचे पैसे ती रोज सकाळी मागून घेई. किराणा दुकानाचे बिल तो ओळ न् ओळ तपासत असे. मोबाइल रात्री त्याच्या उशाशी असे. निफाडजवळच्या तिच्या माहेरी जायचे तर द्राक्षांच्या छाटणीचे, विरळणीचे दिवस चालू आहेत, तिकडे कोणाला वेळ नाही, असे काहीतरी कारण काढून तो जाणे टाळायला लावी. दोन-तीन वर्षांत माहेरच्यांनीच बोलावणे कमी केले. यातल्या एकाही गोष्टीचा वळ अंगावर उठत नाही. तो स्वतः कारखान्यात सुपरवायझरसमोर खाली मान घालून उभा राहणारा, गणेशोत्सवात वर्गणीचा चोख हिशेब देणारा माणूस होता. त्यामुळे "दारूमुळे होतं हो हे" असे जेव्हा आमच्या जिन्यावर बोलले जाई, तेव्हा मला एकच विचारावेसे वाटे, की दारू पिऊन त्याने आजवर एकदा तरी सुपरवायझरवर हात उचलला आहे का? दारूने हात सुटतो हे खरे आहे, पण तो कोणावर सुटावा याची निवड दारू करीत नाही.

आपला कायदा या बाबतीत समाजाच्या बराच पुढे आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे आणि त्याच्या व्याख्येत शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असे अत्याचाराचे चारही प्रकार आहेत. पगार काढून घेणे, स्त्रीधन विकणे, घरखर्च अडवणे, मुलगा झाला नाही म्हणून टोमणे मारणे या सर्व गोष्टी तिथे हिंसाचारात मोडतात. मी हा कायदा नीट वाचला तेव्हा वरच्या घरातल्या चार वर्षांचा हिशेब कोणीतरी माझ्यापुढे मांडल्यासारखे वाटले.

हे घर अपवादात्मकही नव्हते. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयोगटातल्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २९ टक्क्यांहून अधिक स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश आहे. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या स्त्रिया मात्र १४ टक्केच होत्या. मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा आकडा निराळाच आहे. काही कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे, असे त्या सर्वेक्षणातल्या सुमारे ४५ टक्के स्त्रियांनी स्वतः म्हटले आहे, आणि पुरुषांचे प्रमाणही जवळपास तेवढेच आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. यात तोंड दाबणारा हात पुष्कळदा आपल्या आईचा, सासूचा, शेजारणीचा असतो.

"मग ती निघून का गेली नाही?" हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे आणि खरे सांगायचे तर मनातल्या मनात मीही विचारला होता. पुढे तिच्याच तोंडून उत्तरे ऐकली तेव्हा मला त्या प्रश्नाची लाज वाटली. जायचे कुठे? माहेरी धाकट्या बहिणीचे लग्न ठरायचे होते आणि "टाकलेली मोठी बहीण घरात असली तर स्थळं येत नाहीत" असे आईने सांगितले होते. मुलांच्या शाळा इथे होत्या. शिवाय प्रत्येक मोठ्या मारहाणीनंतर पंधरा-वीस दिवस तो अगदी वेगळा माणूस होत असे. रविवारी सगळ्यांना गंगापूर धरणावर फिरायला नेई, तिच्या पायाशी बसून रडे, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेई. ती मला म्हणाली, "बाई, तो माणूस खोटा नव्हता हो. मी त्याचीच वाट बघत होते." अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये ताण वाढणे, स्फोट होणे आणि मग गोडीगुलाबी असे जे चक्र मांडले, ते प्रत्येक घरात तंतोतंत फिरते असे नाही; पण या घरात ते फिरत होते, आणि त्यातला तिसरा टप्पाच तिला सर्वांत घट्ट बांधून ठेवीत होता.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती माहीत नसल्यामुळे जीव जातात. स्त्री घर सोडते किंवा सोडणार असे बोलून दाखवते, तो काळ तिच्यासाठी सर्वांत धोक्याचा असतो, कारण हुकमत हातातून निसटताना दिसते. आणि मारताना गळा आवळला गेला असेल, मग तो दोन सेकंदांसाठी का असेना, तर ती पुढच्या जीवघेण्या हल्ल्याची गंभीर सूचना मानली जाते. गळ्यावर खूण उमटलीच पाहिजे असे नाही. अशा वेळी "थोडं सांभाळून घे" हा सल्ला कोणीही देऊ नये. सुरक्षित जागा, कागदपत्रांची पिशवी आणि विश्वासातल्या एका माणसाचा फोन नंबर यांची आधी तजवीज करून मगच बाहेर पडावे.

मुलांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तो माझ्या कामाचा भाग होता आणि तिथेच मी चुकले.

"मुलं लहान आहेत, त्यांना काय कळतंय," असे आपण म्हणतो. "ती झोपलेली असतात," असे आई म्हणते. ती झोपलेली नसतात. ती डोळे मिटून, श्वास रोखून पडलेली असतात. वरच्या मुलीला सोमवारी सकाळी हटकून पोटात दुखे, आणि तिसरीत असूनही तिचे अंथरूण अधूनमधून ओले होई. डॉक्टरांनी जंताचे औषध दिले होते. ती वर्गात अत्यंत शहाणी, शिक्षकांना न सांगता फळा पुसून ठेवणारी मुलगी होती, आणि अशा मुलांचे आम्ही शिक्षक फार कौतुक करतो. तो शहाणपणा नव्हता. मोठ्या माणसाला राग येण्याआधी त्याची गरज ओळखण्याची ती सवय होती, घरात जडलेली.

तिचा भाऊ तेव्हा बारा वर्षांचा होता. तो नेमका उलट. शाळेतून त्याच्या तक्रारी येत, मधल्या सुट्टीत मारामाऱ्या होत. त्याने एका रात्री मध्ये पडून वडिलांचा हात धरला होता आणि त्यालाही मार बसला होता. त्यानंतर काही महिन्यांनी तो आईशी वडिलांच्याच शब्दांत बोलू लागला. "अक्कल आहे का तुला" हे वाक्य मी जिन्यात त्याच्या फुटत्या आवाजात ऐकले आणि क्षणभर वडीलच बोलत आहेत असे मला वाटले. एकाच घरातली दोन मुले, एकाच भीतीतून दोन वेगळ्या वाटांनी गेली. बहीण सगळ्यांना सांभाळू लागली. भावाने मार खाणाऱ्याची बाजू सोडून मारणाऱ्याची बाजू धरली, कारण त्या घरात सुरक्षित जागा तेवढी एकच दिसत होती.

अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बालपणातल्या आघातांविषयीच्या मोठ्या अभ्यासात आईला होणारी मारहाण पाहावी लागणे हा स्वतंत्र आघात म्हणून मोजला होता. आघातांची संख्या वाढत जाते तशी मोठेपणी नैराश्य, व्यसने, हृदयविकार यांची शक्यता वाढत जाते, असे त्यातून दिसले. सतत सावध राहिलेले शरीर सावधपणा विसरत नाही, एवढाच मी त्याचा अर्थ घेते. परंतु मार पाहिलेला मुलगा पुढे मारणाराच होतो, हे मात्र कोणी गृहीत धरू नये. बहुतेक मुलगे तसे होत नाहीत. एखादा मामा, एखादी बाई, एखादा क्रिकेटचा प्रशिक्षक, म्हणजे न ओरडता ऐकून घेणारे एक तरी मोठे माणूस सातत्याने आयुष्यात असले तर मुलांना फार मोठा आधार मिळतो. मी त्या मुलाच्या बाबतीत असे माणूस होऊ शकले असते. तो खालून जाताना मी फक्त "नीट वाग रे" म्हणत राहिले.

वरच्या घरात आजीही होत्या. आवाज सुरू झाला की त्या टीव्हीवरचे कीर्तन मोठे करीत. मला त्यांचा फार राग येत असे. एकदा गच्चीवर पापड वाळत घालताना त्या आपणहून म्हणाल्या, "आमच्या वेळी तर उसाच्या कांडक्याने मारायचे. हा नुसता हातानेच मारतो." त्यांनी हे मुलाची बाजू घेण्यासाठी म्हटले होते, पण म्हणताना त्यांचा उजवा हात आपोआप डाव्या मनगटावर गेला होता. ते मनगट वाकडे होते. हाड चुकीचे जुळल्यावर राहते तसे. त्यानंतर मला त्यांच्यावर नुसते रागावता आले नाही, तरी त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवायला नको होता, हे माझे मत आजही कायम आहे.

ज्या रात्री त्या मुलीच्या आईने आमचे दार वाजवले, त्या रात्री तिच्या पायात चप्पल नव्हती आणि हातात मुलीचे दप्तर होते. दप्तर का, तर आधार कार्ड, रेशनकार्डाची प्रत आणि बँकेचे पासबुक तिने दोन महिन्यांपासून त्यात वह्यांखाली ठेवले होते. मी आणि माझे यजमान तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. तिथे आम्हाला दीड तास बसवून अदखलपात्र नोंद (म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस ज्याचा तपास करीत नाहीत अशी) केली आणि "नवरा-बायकोचं आहे, आपसांत मिटवा, उद्या त्यालाही बोलावतो" असे सांगितले. वैद्यकीय तपासणीसाठी पत्र मागितले तर "एवढं काही लागलेलं नाही" असे उत्तर मिळाले. २००५ च्या त्या कायद्याचे पाचवे कलम असे सांगते की, तक्रार ज्यांच्याकडे येते त्या पोलिसांनी स्त्रीला संरक्षण आदेश मागण्याचा हक्क, संरक्षण अधिकारी (या कायद्याखाली स्त्रीच्या मदतीसाठी नेमलेले सरकारी अधिकारी), मोफत कायदेशीर मदत आणि फौजदारी तक्रारीचा हक्क यांची माहिती दिली पाहिजे. आम्हाला यातले एक अक्षरही कोणी सांगितले नाही. सर्वत्र असेच होते असे नाही. मुंबई पोलिसांत १९८४ पासून टाटा समाजविज्ञान संस्थेने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष चालवून वेगळी पद्धत घालून दिली आणि ती राज्यात इतरत्रही गेली. त्या रात्री आमच्या वाट्याला ती आली नाही, इतकेच.

पुढची माहिती १८१ या महिला हेल्पलाइनवरून मिळाली. संरक्षण अधिकाऱ्यांनी तिचे सगळे म्हणणे ऐकून घेऊन कौटुंबिक घटनेचा अहवाल तयार केला. त्यासाठी एक पैसा लागला नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलही मोफत मिळाला, कारण १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. तिला नवऱ्याला तुरुंगात पाठवायचे नव्हते. भारतीय न्याय संहितेतले ८५ वे कलम, म्हणजे नवऱ्याच्या व सासरच्यांच्या क्रूरतेबद्दलचे पूर्वीचे ४९८-अ, तिने वापरले नाही. तिला मार थांबायला हवा होता, पगार हातात हवा होता आणि मुले हवी होती. २००५ चा कायदा मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे तो याचसाठी. दंडाधिकारी संरक्षणाचा, राहण्याचा, पैशांचा, मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेश देऊ शकतात, आणि संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. घर सासऱ्यांच्या नावावर असले तरी सुनेचा तिथे राहण्याचा हक्क आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. हे प्रत्येक लग्नात मुलीच्या कानात सांगावे असे मला वाटते.

कायद्यात अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे म्हटले आहे. तिच्या अर्जाला चौदा महिने लागले. सीबीएसजवळच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या, न्यायालयाच्या आवारात आम्ही किती तारखा बसून काढल्या याची गणती नाही. ती दर तारखेला अर्ध्या दिवसाचा पगार घालवून येत असे आणि दोन तारखांना समोरच्यांनी फक्त मुदत मागितली. शेवटी वेगळ्या घराच्या भाड्याचा आणि मुलीच्या खर्चाचा आदेश झाला. मुलाने आजीजवळ राहायचे आहे असे सांगितले. तो निर्णय तिने कसा सोसला, हे मी लिहिणार नाही.

शेजाऱ्यांनी काय करायचे, असे मला आता पुष्कळजण विचारतात. २००८ च्या सुमारास आपल्याकडे "बेल बजाओ" नावाची एक मोहीम झाली होती. मारहाणीचा आवाज आला की दाराची घंटा वाजवायची, वाटीभर दूध किंवा विरजण मागायचे, आणि आत कोणीतरी ऐकते आहे एवढे कळवायचे. ते पुरेसे नाही, पण आमच्या इमारतीत चार वर्षांत तेवढेही कोणी केले नाही. जीवाला धोका वाटला तर ११२ ला फोन करावा. हिंसाचाराची माहिती कोणीही संरक्षण अधिकाऱ्यांना देऊ शकतो आणि चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. एकांतात त्या स्त्रीला विचारावे. तिने "काही नाही, पडले" म्हटले तर वाद घालू नये. दार उघडे आहे एवढे सांगावे आणि काही दिवसांनी पुन्हा विचारावे. माझ्या दारापर्यंत ती आली, कारण तिच्या मुलीने तिला सांगितले होते की बाईंनी मला "आज नाही" म्हणजे काय ते विचारले होते.

आता त्या दोघी सातपूरला एका खोलीत राहतात. गेल्या रविवारी मी गेले होते. मुलगी सातवीत आहे. अंथरूण ओले होणे केव्हाच थांबले, पण रस्त्यावर मोटरसायकल थांबली की तिची मान अजून वर होते, आणि भाकरी थापणाऱ्या आईचा हातही क्षणभर थांबतो. मुलगा दर रविवारी सायकलवरून जेवायला येतो. अजून फारसे बोलत नाही. मी बसले असतानाच तो आला, पण आल्याचे मला कळलेच नाही. एकदम दारातच उभा दिसला. मी तसे म्हटल्यावर मुलगी म्हणाली, "दादा स्टँड हाताने धरून खाली सोडतो, बाई. आवाज होऊ नये म्हणून."